सगळी पात्रं जिवंत, नायक तेवढा कोरा

कथा लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हे लिहितोय. कथानक म्हणजे काय, निवेदन कोणाच्या तोंडून करायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. कथा वाचून लोक म्हणत असतील, "वातावरण झकास जमलंय, तो हमाल तर डोळ्यांसमोर उभा राहिला," आणि नायकाबद्दल कुणी चकार शब्द काढत नसेल, तर पुढचं सावकाश वाचा. या दुखण्यानं माझ्या उमेदीचा मोठा काळ खाल्ला. अजूनही प्रत्येक नव्या खर्ड्यात ते डोकं वर काढतं.

आपल्या सांगली भागातल्या नव्या कथांमधला नायक पहिल्या पानावरच ओळखू येतो. शिकलेला, हळवा, बाप लवकर गेलेला. संध्याकाळी आयर्विन पुलावर उभा राहून कृष्णेकडं बघतो. भावकीत भांडण पेटतं, हा बघतो. महापूर येतो, हा बघतो. मैत्रिणीचं लग्न दुसरीकडं ठरतं, हा पुन्हा पुलावर. लेखकाला वाटतं नायक संवेदनशील झाला. वाचकासाठी तो खिडकी झालेला असतो. खिडकीतून दिसलेलं लक्षात राहतं, खिडकी राहत नाही.

यावर दोन उपाय हमखास सांगितले जातात. नायकाला एखादा अवगुण द्या, नाहीतर दुःखाचा भूतकाळ द्या. दोन्ही करून बघा, काडीचा फरक पडत नाही. तंबाखू खाणारा, चिडका नायकही तितकाच कोरा राहतो. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली आली. फकिरात क्षुद्र असं काही शोधून सापडत नाही, तरी तो विसरता येत नाही. उपाशी माणसांसाठी लूट करायची हे तो ठरवतो. सरकारनं अडकवून ठेवलेल्या आपल्या माणसांसाठी स्वतःला हवाली करायचं, हेही तोच ठरवतो. आणि दोन्हींची किंमत त्याच्याच वाट्याला येते.

नायक गप्प असतो म्हणून फिका पडतो, हेही खरं नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला मास्तर (१९५५) बराच काळ गाव न्याहाळत असतो. पण तो तिथं नोकरीवर आलेला आहे. पोरं आली नाहीत तर शाळा नाही, शाळा नाही तर तोही नाही. त्याच्या बघण्याला पोटाचा आधार आहे.

आता मुख्य गोष्ट. समजा, तुमचा नायक मार्केट यार्डात बेदाण्याच्या अडत दुकानात हिशोब लिहितो. जतकडचा एक शेतकरी माल घेऊन आलाय. तुटीच्या नावाखाली त्याचं वजन जास्त कापलं जातंय, हे नायकाच्या ध्यानात येतं. पहिल्या खर्ड्यात काय होतं? त्याला वाईट वाटतं. रात्री झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी हमाल मालकाशी भांडतो, शेतकऱ्याला न्याय मिळतो, नायकाचे डोळे भरून येतात. सगळं हमालानं केलं, नायकाला नुसतं वाटत राहिलं.

हीच कथा दुसऱ्या अंगानं धरा. नोकरी मामानं लावून दिलीय आणि आई उठताबसता ते उपकार बोलून दाखवते. बहिणीच्या लग्नासाठी मालकाकडूनच उचल घ्यायचीय, आजच मागायचीय. तेवढ्यात शेतकरी पट्टी, म्हणजे मालाच्या हिशोबाचा कागद, पुढं करून विचारतो, "हिशोब बरोबर हाय न्हवं?" नायक "बरोबर हाय" म्हणाला तरी चालेल. तो भित्रा ठरला म्हणून वाचक उठून जाणार नाही, कारण त्या घटकेला वाचकही स्वतःचं उत्तर शोधत असतो. त्याला बेदाण्याचं काही कळत नसेल, मामा नसेल, तरीही. मात्र खोटं बोलण्यात काय गेलं आणि खरं बोलण्यात काय गेलं असतं, हे दोन्ही पानावर दिसलं पाहिजे. पुन्हा सांगतो, कारण हे कळूनसुद्धा हातून निसटतं: दोन्ही बाजूंनी काहीतरी जायला हवं. एकाच बाजूला नुकसान असेल तर उत्तर वाचकाला आधीच माहीत असतं.

आणि नेमक्या याच जागी लेखक घाबरतो. नायक आपला असतो, त्याला मान खाली घालायला लावणं जिवावर येतं. मग मालकाचा फोन वाजतो. पाऊस येतो. दुसरंच कुणीतरी मध्ये बोलतं. प्रश्न टळतो आणि नायक स्वच्छ राहतो. तुमच्या खर्ड्यात हा फोन कुठं वाजतो ते शोधा आणि तो काढून टाका. दुसरं काही करायला वेळ नसेल तर एवढं तरी कराच.

बोलीचं थोडक्यात. हमाल म्हणतो, "आवं, असं कसं हुईल?" आणि त्याच गल्लीत वाढलेला नायक म्हणतो, "हे मला पटत नाही." हे असलं छापील बोलणं नायकाला आणखी परका करतं. शिकला म्हणून घरची भाषा पुसली जात नाही.

पात्राची रास, उंची, आवडता रंग भरायचे तक्ते देणाऱ्या कार्यशाळांवर पैसे घालवू नका. सरसकट "छान लिहिताय" म्हणणाऱ्या मार्गदर्शकापासूनही लांब राहा. त्यांचा हेतू चांगला असतो, पण ते तुम्हाला होतं तिथंच ठेवतात. त्यापेक्षा नाटकाच्या तालमीला जाऊन बसा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं ते याच सांगलीत, आणि हौशी मंडळी आजही इथं राज्य नाट्यस्पर्धेसाठी घाम गाळतात. तिथं नट सरळ विचारतो, "या प्रवेशात मला पाहिजे काय?" मुख्य भूमिका करणारा म्हणतो, "मला करायला काहीच नाही, मी नुसता ऐकतोय." कोऱ्या नायकावर इतकं नेमकं बोट ठेवणारी समीक्षा मी दुसरीकडं ऐकलेली नाही.

जुनं हस्तलिखित फाडू नका. हमाल जिवंत झालाय म्हणजे माणूस उभा करणं तुम्हाला येतं, याबद्दल मनात शंका ठेवू नका. त्याला तुम्ही जपत नव्हता, म्हणून तो मोकळा वागला. हवं तर त्यालाच मधे आणा आणि हिशोबनीस कडेला सरकवा. फक्त सावध राहा, मधे येताच तुम्ही त्यालाही जपायला लागाल आणि दोन पानांत तो शहाण्यासारखं बोलू लागेल. तो मालकाशी भांडला, त्यानंतर यार्डात त्याला काम कोण देणार, हे पहिल्या खर्ड्यात तुम्ही लिहिलंच नव्हतं. तिथून सुरू करा.