कॅम्पसवर लाकडी इमारत उभारताय? या चुका टाळा

विद्यापीठांना लाकडी इमारतीची हौस आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती लवकर होईल? व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या १८ मजली वसतिगृहाचा, ब्रॉक कॉमन्सचा, दाखला लगेच पुढे येतो. तिथला लाकडी सांगाडा ७० दिवसांच्या आत चढला, हे खरं. पण त्याआधी पूर्ण डिजिटल मॉडेल झालं, खऱ्या मापाचा नमुना बांधून पाहिला, आणि सांगाड्यामागोमाग दर्शनी भिंतीही चढवत नेल्या, म्हणजे पावसाला आत वाव नको. ते कुणी सांगत नाही.

ओल्या पॅनेलवर पुढचं काम उरकणं, ही माझ्या डोक्यात जाणारी चूक. सीएलटी, म्हणजे फळ्यांचे आडवे-उभे थर चिकटवून केलेलं पॅनेल, भिजलं तरी वरून लवकर सुकल्यासारखं दिसतं. एका ग्रंथालयाच्या कामावर ठेकेदाराला तातडीने स्क्रीड, म्हणजे फरशीखालचा सिमेंट-वाळूचा सपाट थर, ओतायचं होतं. सत्र तोंडावर आलेलं. त्याचं ओलावा मोजायचं मीटर १४ टक्के दाखवत होतं. मी सांध्यालगत मीटरच्या लांब पिना खोलवर ठोकायला लावल्या, कारण पाणी कापलेल्या कडेतून आत शिरतं. आकडा आला २६. ओलावा २० टक्क्यांच्या वर रेंगाळला की कुजण्याचा धोका सुरू होतो, आणि वर स्क्रीड पडल्यावर त्या ओलीला वाट कुठली? काम थांबवलं, पंखे लावले, बैठकीत बोलणी खाल्ली. पॅनेल बसेल त्याच दिवशी सांध्यांना टेप, कडांना सीलर, आणि झाकण्याआधी खोलवरचं रीडिंग मी स्वतः घेतो. व्हॉट्सअॅपवर आलेला मीटरचा फोटो मला चालत नाही.

लाकूड वापरलं म्हणजे वीज वाचली, हा दुसरा भ्रम. एक बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. २०० विद्यार्थ्यांचा वर्ग म्हणजे २० किलोवॅटची भट्टी. काँक्रीटच्या स्लॅबसारखी ती उष्णता पोटात घेऊन ठेवणं हलक्या लाकडी बांधणीला जमत नाही. आधी खिडक्यांना बाहेरून सावली द्या, रात्री थंड हवा फिरवा, मग एसीचं बोला.

हवाबंदपणाची चाचणी फॉल्स सीलिंग लागल्यावर करू नका. गळती सापडेल, हात पोचणार नाही.

पावलांचा आवाज खालच्या वर्गात जातो. तरंगत्या फरशीची, म्हणजे आवाज शोषणाऱ्या मऊ थरावर टेकवलेल्या फरशीची, जाडी पहिल्याच आराखड्यात धरा.

वायरिंगची भोकं कारखान्यातच पाडून घ्या. साइटवर ड्रिल घेऊन फिरणारा उत्साही इलेक्ट्रिशियन दिसला, तर आधी त्याच्या हातातला नकाशा तपासा.