पेलेट किंवा मक्याचा स्टोव्ह नीट पेटत नसेल, तर आधी काय तपासावे

अमेरिकेतल्या मिनेसोटा किंवा आयोवा राज्यात जानेवारीच्या रात्री पारा उणे २० अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो, आणि घरातला पेलेट स्टोव्ह, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बारीक कांड्या (पेलेट) जाळणारा स्टोव्ह, नेमका अशाच दिवसांत विझतो. कारण थंडी वाढली की तो रात्रंदिवस चालतो आणि आत साठणारी राख काढायला कोणाला सवड झालेली नसते. अशा वेळी इग्नायटर (जळण पेटवणारा भाग), मोटर असे महागडे सुटे भाग मागवण्याची घाई करू नये. बहुतेक तक्रारींचे मूळ साठलेली राख आणि अडलेली हवा यांतच असते, म्हणून आधी पूर्ण सफाई करावी आणि मगच दुरुस्तीचा विचार करावा.

बिघाड शोधण्यासाठी स्टोव्ह सुरू होण्याचा क्रम माहीत असणे फार उपयोगाचे ठरते. मॉडेलगणिक थोडा फरक असला, तरी बटण दाबल्यावर सहसा आधी धूर बाहेर ओढणारा पंखा सुरू होतो. त्याच्या ओढीने आतला हवेचा दाब पुरेसा कमी झाला, की व्हॅक्यूम स्विच जोडला जातो आणि तेव्हाच ऑगरला, म्हणजे जळण पुढे ढकलणाऱ्या मळसूत्री दांड्याला, वीज मिळते. ऑगर हॉपरमधले, म्हणजे जळण साठवायच्या पेटीतले, पेलेट बर्न पॉटमध्ये, म्हणजे ते जिथे जळतात त्या भांड्यात, टाकतो, तापलेला इग्नायटर ते पेटवतो, आणि धुराच्या वाटेवरचा तापमानाचा स्विच जाळ लागल्याची खूण कंट्रोल बोर्डला देतो. त्यानंतर खोलीत गरम हवा सोडणारा पंखा फिरू लागतो. गाडी यांपैकी कोणत्या टप्प्यावर अडते, हे स्टोव्हसमोर बसून एकदा लक्षपूर्वक पाहिले, तर निम्मे निदान तिथेच होते.

हात घालण्यापूर्वी स्टोव्ह पूर्ण थंड होऊ द्यावा आणि प्लग काढावा. वरून गार दिसणाऱ्या राखेतही निखारे दीर्घकाळ जिवंत राहतात, त्यामुळे घरातला नेहमीचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. राखेसाठी धातूच्या टाकीचा वेगळा व्हॅक्यूम मिळतो, तो घ्यावा. काढलेली राख घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर मोकळ्या जमिनीवर ठेवावी, लाकडी डेकवर कधीही ठेवू नये. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू असलाच पाहिजे.

पंखा फिरतो पण पेलेट पडत नाहीत, अशी तक्रार असेल तर प्रथम स्टोव्हचे दार आणि हॉपरचे झाकण नीट बसले आहे का, ते पाहावे. अनेक मॉडेलांत ते उघडे राहिले की ऑगर थांबतो. मग व्हॅक्यूम स्विचला जोडलेली बारीक रबरी नळी तपासावी. ती कडक होऊन चिरलेली असते, किंवा तिचे दुसरे टोक ज्या तोटीवर बसते ती तोटी राखेने बुजलेली असते. सरळ केलेली पेपरक्लिप आत फिरवली की राखेचा बारीक भुगा बाहेर येतो आणि स्टोव्ह पुन्हा चालू लागतो. मात्र नळी स्विचपासून वेगळी केल्याशिवाय तिच्यात फुंकर मारू नये, कारण स्विचमधला नाजूक पडदा त्याने निकामी होऊ शकतो. काही जण हा स्विच वगळून तारा थेट जोडून टाकतात, आणि ते अत्यंत धोक्याचे आहे: धुराला वाट नसताना जळण पडत राहिले, तर तो धूर घरात येतो. मोटर गुणगुणते पण ऑगर फिरत नाही, असे दिसले तर हॉपर रिकामा करून तळ पाहावा, तिथे लाकडाचा भुसा दाबून बसलेला असतो.

पेलेट पडतात पण पेटत नाहीत, तेव्हा बर्न पॉट बाहेर काढून त्याची भोके एकेक करून मोकळी करावीत आणि इग्नायटरसमोरचे भोकही साफ करावे. तरीही जाळ लागला नाही, तर पॉट रिकामा आणि गार करून, त्यात मूठभर पेलेट आणि थोडे फायरस्टार्टर जेल टाकून, मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे हाताने पेटवून पाहावे. असे पेटवल्यावर स्टोव्ह उत्तम चालत असेल, तर दोष बहुधा इग्नायटरचा आहे. धुमसणाऱ्या किंवा गरम पॉटमध्ये जेल कधीही टाकू नये, आणि न पेटलेल्या पेलेटचा ढीग साचला असेल तर तो काढल्याशिवाय पुन्हा सुरुवात करू नये. त्यातून निघणारा धूर आत कोंडून एकदम भडकू शकतो.

पेटून काही मिनिटांनी स्टोव्ह आपोआप बंद पडत असेल, तर धुराच्या वाटेवरचा तापमानाचा स्विच काजळीने माखला आहे का, ते पाहावे.

ज्योतीकडे पाहण्याची सवय ठेवावी. निरोगी ज्योत आखूड, तेजस्वी आणि चपळ असते. ती लांब, नारिंगी आणि आळसावल्यासारखी झाली व काच लवकर काळी पडू लागली, की हवा कमी पडते आहे असे समजावे. दाराच्या गॅस्केटची, म्हणजे कडेने हवा गळू न देणाऱ्या पट्टीची, परीक्षा सोपी आहे: कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे, आणि ती सहज ओढून निघाली तर तिथून हवा गळते. त्यानंतर आतल्या पत्र्यामागची पोकळी, धुराच्या नळीचा सफाईसाठी ठेवलेला भाग आणि घराबाहेरचे तोंड साफ करावे. बाहेरच्या तोंडावर बर्फ साचलेला किंवा पक्ष्याचे घरटे असू शकते.

जळणाकडेही तितकेच लक्ष हवे. अमेरिकेत पेलेट ४० पौंडांच्या पिशवीत मिळतात आणि प्रीमियम दर्जाच्या पेलेटमध्ये राख १ टक्क्याहून अधिक नसावी, असा तिथल्या पेलेट उद्योगाचा मानदंड आहे. चांगला पेलेट बोटांनी मोडला की कडकन तुटतो, ओल लागलेला मात्र फुगतो आणि भुसभुशीत होतो. म्हणून पिशव्या तळघरातल्या फरशीवर थेट न ठेवता लाकडी फळ्यांवर रचाव्यात.

मका जाळण्यापूर्वी स्टोव्हच्या पाटीवर मक्याला मान्यता आहे का, हे वाचावे. साध्या पेलेट स्टोव्हला ते जळण झेपत नाही. दाणे कोरडे असावेत, ओलावा १५ टक्क्यांहून कमी असावा, आणि कणसाचे तुकडे व धूळ चाळून काढलेली असावी. मक्याची मोठी अडचण म्हणजे त्याची राख वितळून वीटभट्टीतल्या खंगरासारखी कडक ढेप होते आणि ती पॉटमधली हवा कोंडते. म्हणून मक्याच्या स्टोव्हमध्ये ढवळणारा दांडा असतो. तो फिरतो की नाही ते पाहावे आणि ढेप रोज काढावी. थोडे लाकडी पेलेट मिसळल्याने, किंवा कोंबड्यांच्या खाद्यासाठी मिळणारा शिंपल्यांचा चुरा चिमूटभर टाकल्याने ती सैल पडते, असा अनेकांचा अनुभव आहे. पेरणीसाठी औषध चोळलेला रंगीत मका मात्र कधीही जाळू नये.

मक्याच्या धुरात नळी गंजवणारी आम्ले असतात. हंगाम संपताच पॉट, नळ्या आणि धुराची वाट झाडून घ्यावी, कारण उन्हाळ्याच्या दमट हवेत पडून राहिलेली राख पत्रा खाते. हॉपरही तेव्हाच रिकामा करावा. त्यात राहिलेले दाणे आणि पेलेट ओल धरतात आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्याच दिवशी ऑगर अडकतो.