सोलो शोच्या आधी आणि नंतर स्टुडिओत काय करावं

पहिलं एकल प्रदर्शन ठरलं की चहूबाजूंनी सल्ले सुरू होतात. उद्घाटनाला कुणाला बोलवायचं, पत्रिकेवर कुठलं चित्र घ्यायचं, पेपरात बातमी कशी आणायची. हे सगळं एका संध्याकाळपुरतं असतं. त्याआधीचे आणि त्यानंतरचे तीन-तीन महिने आपण स्टुडिओत काय करतो, यावर चित्रांचं पुढचं आयुष्य ठरतं. पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. माझं सगळ्यात मोठं नुकसान प्रदर्शन संपल्यावर झालं. म्हणून तो भाग इथे सविस्तर लिहिते, बाकीचं थोडक्यात.

तारीख हातात आहे आणि चित्रं बहुतेक झाली आहेत, असं धरून चालते. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, त्यामुळे वेळ पुरला नाही ही सबब तिथे तरी चालत नाही.

शेवटचा हात कधी फिरवायचा

अ‍ॅक्रिलिकचं काम प्रदर्शनाच्या एक महिना आधी थांबवा, तैलरंगाचं तीन महिने आधी. ‘बोटाला लागत नाही म्हणजे वाळलं’ हे ऐकू नका. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं, तेही वरून आत. अंबर या मातकट तपकिरी रंगाचा पातळ थर दोन-चार दिवसांत सुकतो, अलिझरिन क्रिमसन हा गर्द लाल आठवडे घेतो आणि पेंटिंग नाइफने दिलेला जाड थर महिनोन्महिने आतून ओला राहतो. अंतिम वार्निशसाठी पातळ कामालाही किमान सहा महिने द्या. तोवर चमक सारखी करायची असेल तर रिटच वार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या वार्निशचा, एक पातळ हात पुरतो.

एक चित्र मात्र मुद्दाम अर्धवट सोडा. ते प्रदर्शनाला न्यायचं नाही. ते कशासाठी, हे शेवटी सांगते.

निवड, फोटो, नोंद

गॅलरीची भिंत स्वतः मोजून या. निवडलेल्या चित्रांच्या रुंदीची बेरीज भिंतीच्या निम्म्यावर गेली की चित्रं कमी करा. जे चित्र समजावून सांगावं लागतं, ते आधी बाजूला काढा.

फोटो फ्रेम आणि काच लागण्यापूर्वी, सावलीतल्या उजेडात, कॅमेरा चित्राला अगदी समांतर धरून काढा.

प्रत्येक चित्राला क्रमांक द्या आणि तो मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलने लिहा. कॅनव्हासच्या पाठीवर मार्कर चालवू नका, त्याची शाई पुढे झिरपू शकते. वहीत शीर्षक, माध्यम, उंची गुणिले रुंदी, साल आणि किंमत लिहा. आणखी एक रकाना हवाच: चित्र सध्या कुठे आहे. पाच वर्षांनी हाच रकाना सगळ्यात जास्त उघडला जातो.

बांधणी

बबल रॅप रंगाला थेट लावू नका. हे वाक्य मी स्टुडिओच्या भिंतीवर लिहून ठेवलं आहे. रंगावर आधी सिलिकॉन लावलेला, न चिकटणारा रिलीज पेपर घाला. ग्लासिन (गुळगुळीत, पातळ कागद) किंवा बटर पेपर जुन्या, कडक वाळलेल्या चित्राला चालतो, पण ताज्या अ‍ॅक्रिलिकला तोही चिकटतो. मग चारही कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याचे कोपरे लावा, म्हणजे वरचं आवरण पृष्ठभागापासून बोटभर दूर राहील. त्यावर पन्हाळी पुठ्ठा आणि सगळ्यात बाहेर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. टेम्पोत चित्रं उभीच ठेवा, आडवी एकावर एक रचू नका.

हे सगळं सामान दुप्पट घ्या. जाताना वापरलेला कागद येताना फाटलेला असतो आणि चित्रं उतरवायच्या संध्याकाळी जहांगीरभोवतीच्या काळा घोडा भागात रिलीज पेपर शोधत फिरायला वेळ नसतो.

प्रदर्शनाचा आठवडा

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५८ ते ६० इंचांवर ठेवा. लेबलं सरळ लावा. चित्र विकलं गेल्याची लाल टिकली बयाणा हातात आल्यावरच लावा. ‘ठेवा माझ्यासाठी’ एवढ्या शब्दावर मी एकदा टिकली लावली. पाच दिवस येणारे-जाणारे ते चित्र विकलं गेलं असं समजून पुढे गेले आणि शब्द देणारे गृहस्थ परत फिरकले नाहीत. रोज संध्याकाळी दहा मिनिटं काढून, लोक कुठल्या चित्रापुढे थांबले ते लिहून ठेवा. अभिप्राय वहीत सगळे छानच लिहितात, पण माणूस चित्रापुढे किती वेळ थांबतो ते खरं असतं.

परतीचा टेम्पो

आता मुख्य भाग.

माझं दुसरं सोलो मे महिन्यात झालं. बावीस चित्रं नेली, पाच विकली गेली, सतरा परत आली. सोमवारी गॅलरी बंद झाल्यावर भराभर उतरवली, कारण मंगळवारी दुसऱ्या कलाकाराचा शो लागणार होता. मिळेल त्या बबल रॅपमध्ये गुंडाळली. टेम्पो वसईला पोचला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. आतल्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला सगळी टेकवून ठेवली. घरचे म्हणाले, खूप दमलीस, आता महिनाभर स्टुडिओकडे बघू नकोस. मलाही तेच हवं होतं, म्हणून मी माहेरी गेले. परत आल्यावरही ती गाठोडी उघडवेनात. न विकली गेलेली चित्रं समोर नको वाटतात, हे ज्यांनी प्रदर्शन केलंय त्यांना ठाऊक आहे.

गणपतीच्या आधी जागा करायला म्हणून पहिली चिकटपट्टी कापली. आतून ओल्या घोंगडीसारखा वास आला. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते. चार बाय तीन फुटांच्या एका गर्द निळ्या अ‍ॅक्रिलिकवर ओळीने गोल ठसे उमटले होते, फुग्याएवढे, अंगठ्याच्या नखाच्या आकाराचे. समोरून धड दिसत नव्हते. खिडकीचा तिरका उजेड पडला आणि सगळं चित्र देवी आल्यासारखं दिसलं. नऊ कॅनव्हासच्या पाठीवर राखाडी-हिरवी बुरशी होती. दोन चित्रांवर ती पुढूनही आली होती.

मग मी त्याहून वाईट केलं. ओलं फडकं घेतलं आणि पुसत सुटले. वर दिसणारी बुरशी गेली, पण तिचे कण ओलाव्यासकट विणीत शिरले. पंधरा दिवसांत ती दुप्पट जागेवर परत आली. त्यातल्या एका चित्रावरचा तपकिरी डाग अजून तसाच आहे. ते चित्र मी विकलं नाही आणि विकणारही नाही.

हे का झालं ते नीट समजून घ्या. अ‍ॅक्रिलिकचा थर वाळल्यावरही प्लॅस्टिकच असतो, उष्णतेने मऊ होतो. मे महिन्यात टेम्पोच्या पत्र्याखाली तो एवढा मऊ होतो की दाबलेला फुगा त्यात ठसा सोडतो. दुसरं म्हणजे, गुंडाळताना आपण प्लॅस्टिकच्या आत दमट हवाही बांधतो. खोली थंडावली की त्या हवेतली वाफ आतल्या आतच पाणी होऊन बसते. कॅनव्हासची खळ आणि त्यावरची धूळ हे बुरशीचं अन्न. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला आणखी काही लागत नाही, आणि आपल्या किनारपट्टीवर जुलै-ऑगस्टमध्ये ती सहज ऐंशीच्या पुढे असते. ‘प्लॅस्टिकमध्ये आहे म्हणजे सुरक्षित आहे’ या समजुतीने माझ्या ओळखीत जेवढी चित्रं खराब झाली, तेवढी पावसाने झाली नसतील.

म्हणून आता मी असं करते. गॅलरीत उतरवताना प्रत्येक चित्र टॉर्चच्या तिरक्या उजेडात बघते. ओरखडा, दबलेला कोपरा असं काही दिसलं तर तिथल्या तिथे फोटो काढते. घरी पोचल्यावर रात्री काही उघडत नाही. एसीतून आलेलं थंड चित्र दमट हवेत एकदम उघडलं तर त्यावर दव धरतं. सकाळी मात्र सगळी चित्रं उघडते. सतराच्या सतरा. घरात पाय ठेवायला जागा उरत नाही, तरीही. एक दिवस पंखा लावून ती भिंतीपासून सुटी उभी ठेवते, पाठीमागे वारा लागेल अशी. आराम त्यानंतर.

साठवताना बाहेरची भिंत टाळा, आतली निवडा. जमिनीवर दोन लाकडी पट्ट्या टाकून चित्रं त्यावर उभी करा आणि मागे हात जाईल एवढी जागा सोडा. दोन चित्रं तोंडाला तोंड, मध्ये पुठ्ठा. पुढची जोडी पाठीला पाठ लावून. म्हणजे एकाची पट्टी दुसऱ्याच्या कॅनव्हासमध्ये घुसत नाही. वरून जुनं सुती लुगडं किंवा चादर घाला, प्लॅस्टिक अजिबात नको. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, ते तिथे ठेवा. डांबरगोळ्या टाकू नका. त्यांची वाफ रंगावर आणि वार्निशवर परिणाम करते. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला तर लगेच चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी ठोकून ताणू नका. हवा कोरडी झाली की तो आपोआप ताणला जातो आणि जास्त ठोकलेला असेल तर कोपऱ्यावर फाटतो.

बुरशी दिसलीच तर ते चित्र आधी इतरांपासून वेगळं करा. सावलीत, हवेशीर जागी पूर्ण कोरडं होऊ द्या. त्या चित्राच्या रोखाने पंखा सोडू नका, कण घरभर उडतात. बुरशी भुकटीसारखी कोरडी झाली की तोंडाला मास्क लावून, गच्चीत किंवा घराच्या बाल्कनीत नेऊन, मऊ ब्रशने अलगद झटका. ओलं फडकं नको. डेटॉल, व्हिनेगर, कापलेला बटाटा, यातलं काहीही नको. बटाट्याचा पिष्टमय रस म्हणजे बुरशीला वाढलेलं ताटच. कडक उन्हातही टाकू नका. रंगाच्या बाजूने बुरशी आली असेल तर स्वतः हात लावू नका, संवर्धकाकडे न्या. जहांगीरच्या शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येतं. फुग्याच्या ठशांवर मी वार्निश मारून बघितलं. ठसे बुजायच्या ऐवजी उठून दिसले.

तैलचित्रांना आणखी एक गोष्ट लागते: उजेड. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, पांढऱ्या आणि फिक्या निळ्या रंगात ते लगेच कळतं. अशी चित्रं काही आठवडे उत्तरेच्या उजेडात लावून ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. वर्षभर कपाटात कोंडलेलं चित्र खराब झालं म्हणून टाकायच्या आधी हे करून बघा.

किंमत

प्रदर्शन संपल्यावर पंधरा दिवसांत फोन येतो: आता तर गॅलरीचा खर्च नाही, अर्ध्यात द्या. देऊ नका. ज्याने गॅलरीत पूर्ण किमतीला घेतलं, त्याची ती फसवणूक आहे. स्टुडिओतली किंमत आणि भिंतीवरची किंमत एकच ठेवा. हप्ते करून द्या, हवं तर सोबत एखादं रेखाटन भेट द्या, पण किमतीचा आकडा हलवू नका. ज्यांनी चित्रं घेतली त्यांना महिन्याच्या आत पावती आणि चित्र कसं सांभाळायचं याचा एक कागद पाठवा.

पुन्हा काम

रिकामपण येतंच. वर्षभर एका तारखेकडे बघत काम केलेलं असतं, ती तारीख गेल्यावर हात थांबतो. इथे तो अर्धवट सोडलेला कॅनव्हास कामी येतो. कोऱ्या कॅनव्हासपुढे उभं राहायची हिंमत नसते, पण सुरू केलेल्या चित्रात एक करडा रंग भरायला हिंमत लागत नाही. जाण्याआधी त्याच्या मागे एक चिठ्ठी चिकटवा: पुढे कुठला रंग, कुठल्या कोपऱ्यात.

वहीतही काम चालू राहतं. २०१९ मध्ये मुंबईच्या एनजीएमएत (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात) चित्रकार प्रभाकर बरवे यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं, तेव्हा चित्रांबरोबर त्यांच्या डायऱ्याही मांडल्या होत्या. चित्र हातात घेण्याआधी आणि नंतर ते किती विचार कागदावर करत होते, ते तिथे दिसलं. तेव्हापासून मीही प्रदर्शनानंतरचा पहिला महिना ब्रशइतकाच पेन्सिलला देते.

परत आलेल्या चित्रांवर सहा महिने रंग चढवू नका. दुसऱ्याच महिन्यात सगळीच टाकाऊ वाटतात, आणि तो थकवा असतो. सहा महिन्यांनी एकेक भिंतीवर लावा, गॅलरीत लिहिलेली ती दहा मिनिटांची टिपणं शेजारी ठेवा आणि मग ठरवा. तेव्हाही चढवायचंच असेल तर अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक कधीच नाही; ते धरत नाही, पापुद्रे सुटतात. जे चित्र ठेवायचं ठरेल, त्याच्या समोरच्या ‘सध्या कुठे आहे’ या रकान्यात लिहा: आतली भिंत, वरची पट्टी, डावीकडून तिसरं.