गाडी किती वर्षं ठेवली की पैसे वसूल होतात?

गॅरेजवाल्याने ६० हजारांचं एस्टिमेट दिलं की लगेच विचार येतो: गाडीला येणार दोन लाख, तिच्यावर साठ हजार कशाला घालायचे? हे गणित चुकीचं आहे. गाडी आणखी एक वर्ष ठेवली तर किती पैसे जातील आणि नवी घेतली तर पहिल्या वर्षात किती जातील, एवढंच ताडून पाहा.

उदाहरणादाखल ऑन-रोड १० लाखांची पेट्रोल गाडी धरू. ५ वर्षांनी ती ५ लाखांना गेली, तर घट वर्षाला १ लाख. १० व्या वर्षी सव्वादोन लाख आले, तर मधल्या ५ वर्षांची घट वर्षाला ५५ हजार. १५ व्या वर्षी ८० हजार आले, तर शेवटच्या ५ वर्षांत वर्षाला फक्त २९ हजार. नव्या गाडीची किंमत पहिल्याच वर्षी दीड लाखाने सहज उतरते, कारण रोड टॅक्स (महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के) विकताना सुटा परत मिळत नाही. वर कर्जाचं व्याज. म्हणजे दहा वर्षांच्या गाडीवर एखाद्या वर्षी ६० हजार खर्च झाले तरी जुनीच स्वस्त पडते, फक्त तो खर्च दरवर्षी येणारा नसावा.

क्लच प्लेट, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, लोअर आर्मचे बुश, बॅटरी, टायर हे झिजणारे भाग आहेत. एकदा बदलले की काही वर्षं बघावं लागत नाही, त्यामुळे त्यांच्या बिलाला घाबरून गाडी काढू नका. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात मात्र मॅन्युअलमधली मुदत पाळाच. बहुतेक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं.

खरा शेवट करतो तो गंज. कोकणात, गोव्यात, समुद्राजवळ तो लवकर धरतो. गाडी लिफ्टवर चढवून जॅक लावायच्या जागा, फ्लोअर आणि मागच्या चाकांच्या कमानी स्क्रूड्रायव्हरने ठोकून पाहा. आवाज खणखणीत आला तर पत्रा शाबूत आहे. टोक आत गेलं तर पॅच मारून वर्ष काढण्यापेक्षा गाडी सोडा. अपघातात माणसाला वाचवणारा सांगाडाच तिथे उरलेला नसतो. ऑइल फिलरचं झाकणही उघडून बघा. आत दुधाळ थर असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅसकेट (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेल्याचा संशय घ्या आणि आधी तपासणी करून मगच खर्चाचं ठरवा.

आमच्या मते सगळ्यात महाग सवय म्हणजे दर ३-४ वर्षांनी गाडी बदलणं. वापर बेताचा आणि सर्व्हिसिंग वेळेवर असेल, तर १२ ते १५ वर्षं ठेवा. डिझेल फक्त शहरातल्या छोट्या फेऱ्यांना वापरत असाल तर लवकर काढलेली बरी: बीएस-६ डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तापायला सलग धाव लागते, ती मिळाली नाही तर तो काजळीने तुंबतो आणि बदलायला महाग पडतो.

१५ व्या वर्षी आरसीची मुदत संपते. नूतनीकरणाला फॉर्म २५, आरटीओत तपासणी, ५ हजार रुपये शुल्क आणि वर पर्यावरण कर लागतो; मुदत ५ वर्षांनी वाढते. दिल्ली-एनसीआरसारखी वयाची बंदी महाराष्ट्रात नाही, त्यामुळे सांगाडा चांगला असेल तर नूतनीकरण परवडतं. नसेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या आणि जमा प्रमाणपत्र घ्या; त्यावर नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं.

विकताना विम्याचा एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सवलत) खरेदीदाराला जात नाही, तो तुमचा असतो. कंपनीकडून पत्र घेतलं की ३ वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येतो. ५० टक्क्यांवर पोचला असेल तर ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता निम्मा होतो. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून आरसी खरेदीदाराच्या नावावर झाल्याचं स्वतः ऑनलाइन तपासा. तोवर चलन तुमच्याच नावाने फाटतं आणि अपघाताची नोटीसही तुमच्याच पत्त्यावर येते.