जुळ्या मुलींना एका खोलीत झोपवताना आधी कोणाजवळ बसावे?

जुळ्या मुली दीड ते तीन वर्षांच्या असताना त्यांना एका खोलीत कसे झोपवावे, याबद्दल मिळणारे बहुतेक सल्ले एकाच मुलाला झोपवलेल्या माणसांनी दिलेले असतात आणि त्यात फक्त सगळे काही दोनाने गुणलेले असते. दोन पांघरुणे, दोन गोष्टी, दोन मांड्या. प्रत्यक्षात अडचण दोन मुलींची नसतेच. एकीच्या रडण्याने दुसरी उठेल या धास्तीने आपण अंधारात जी धावपळ करतो, ती खरी अडचण असते. आमच्याकडे झोपवण्याचे काम बापाकडे, म्हणजे माझ्याकडे आहे आणि ही गोष्ट कळायला मला तीन महिने लागले.

आमच्या मुलींमध्ये चार मिनिटांचे अंतर आहे. तेवढ्यावरून घरात एक थोरली आणि एक धाकटी ठरली आहे, म्हणून इथेही तसेच म्हणतो. थोरली आडवी झाली की पाच मिनिटांत झोपते. धाकटी रोज झोपेशी भांडण काढते. जुळ्यांमध्ये असा फरक असणे स्वाभाविक आहे, विशेषतः त्या दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या असतील तर, कारण अशा जुळ्यांमध्ये इतर कोणत्याही सख्ख्या बहिणींपेक्षा अधिक साम्य असण्याचे कारण नसते. तेव्हा दोघींनी एकाच क्षणी झोपावे ही अपेक्षा पहिल्या दिवशीच सोडून द्यावी. वेळ एक ठेवावी, क्षण वेगळे असू द्यावेत.

वेळ बांधणे

रात्रीची वेळ सकाळी बांधावी लागते. एक उठली की अर्ध्या तासाच्या आत दुसरीलाही उठवावे आणि दुपारच्या झोपेलाही हाच नियम लावावा. रात्री मात्र एक उठली म्हणून दुसरीला कधीही उठवू नये. तो सल्ला दूध पाजण्याच्या वयातला आहे आणि त्या वयातच संपतो.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास पुरतात. एका मुलीला वरचा आकडा लागू पडतो आणि दुसरीला खालचा, असे सहज होऊ शकते. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्माला येतात, त्यामुळे दोन वर्षांपर्यंत त्यांचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे आणि शेजारच्या मुलाशी तुलना करण्याचा मोह आवरावा. दिवसाच्या दोन झोपांची एक होण्याची वेळ साधारण पंधरा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान येते, पण ती दोघींसाठी एकाच आठवड्यात येत नाही. जिला अजून दुसरी डुलकी लागते तिला काही आठवडे ती छोटीशी घेऊ द्यावी. बरोबरीच्या हट्टापायी ती तोडली तर संध्याकाळी सगळे घर त्याची किंमत मोजते.

खोली

दोन स्वतंत्र कॉट असाव्यात, आणि शक्य असेल तर त्या समोरासमोरच्या भिंतींना लावून, एकीची मान वळल्याशिवाय दुसरी दिसणार नाही अशा बेताने ठेवाव्यात. पंखा किंवा तत्सम एकसुरी आवाज चालू असलेला बरा. पडद्याच्या दोऱ्या हाताला लागू देऊ नयेत. बिजागरीला तेल घालावे. हे मी गमतीने लिहीत नाही, पुढे त्याचे कारण येईलच.

जवळ घेऊन झोपायचे खेळणे दोघींना सारखे आणले तरी ते सारखे राहत नाही. आमच्याकडे दोन सशांपैकी एकाचा डावा कान चघळून कडक झाला आहे आणि थोरली अंधारात पहिल्यांदा तो कान चाचपते. कान मऊ लागला की चुकीचा ससा आला हे तिला कळते आणि मग दिवा लावावाच लागतो. म्हणून कोणता ससा कोणाचा, ही खात्री उजेडातच करून घ्यावी.

अंघोळ, दात, एक गोष्ट, एक अंगाई. क्रम रोज तोच ठेवावा आणि झोपण्याआधीचा तासभर पडदे बंद असावेत, खिडकीचे नव्हे तर मोबाइल आणि टीव्हीचे.

दिवा मालवल्यानंतरचा अर्धा तास

इथेच सगळे बिघडते, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

पहिले तीन महिने मी जे करत होतो, ते बहुतेक आईबाप करतात. दिवा मालवला की धाकटी भोकाड पसरायची. थोरली जागी होईल या भीतीने मी धाकटीला उचलून, दार उघडून, बाहेरच्या खोलीत नेत असे. बाहेर उजेड असायचा, कुणीतरी बोलत असायचे, आणि धाकटीच्या दृष्टीने दिवस पुन्हा सुरू व्हायचा. चाळीस मिनिटे फेऱ्या मारून ती खांद्यावर पेंगली की मी चोरपावलांनी परत यायचो, मूठ फिरवायचो, दाराची खिट्टी टक् करून वाजायची आणि आतून थोरलीचा स्पष्ट, ताजातवाना आवाज यायचा, "बाबा?" तिथून पुढे दोन तास.

मग एका रात्री मुलींच्या आईला ताप होता आणि माझा पाय मुरगळलेला होता. थोरली माझ्या मांडीवर पेंगत होती, धाकटी कॉटचा कठडा धरून उभी राहून ओरडत होती आणि मला पटकन उठता येत नव्हते. मी जागेवरूनच बोलत राहिलो. धाकटी ओरडतच होती आणि त्या आवाजात, हातभर अंतरावर, थोरली शांतपणे झोपी गेली. तिचा श्वास लांब झाला, ससा हातातून सुटला आणि बहिणीच्या किंकाळीनेही तिची पापणी हलली नाही. त्या रात्री मला कळले की तीन महिने थोरलीला बहिणीचे रडणे उठवत नव्हते. तिला दार, उजेड आणि माझी लगबग उठवत होती. बहिणीचा आवाज ती जन्मापासून ऐकत आली आहे. दाराची खिट्टी तिच्यासाठी बातमी असते.

त्यावरून बसलेली पद्धत अशी. दोघींना जागेपणीच आपापल्या कॉटमध्ये ठेवावे. मांडीवर झोपवून मग ठेवू नये. स्वतः जमिनीवर बसावे आणि आधी शांत असलेल्या मुलीजवळ जावे, रडणाऱ्या मुलीजवळ नव्हे. हे वाचायला निष्ठुर वाटते आणि पहिल्या रात्री करायला त्याहून निष्ठुर वाटते, पण हिशेब साधा आहे. शांत मुलीला पाच मिनिटे पुरतात आणि त्यानंतर तुमचा सगळा वेळ दुसरीचा असतो. उलट क्रमाने गेलात तर रडणारीला निवायला वीस मिनिटे लागतात, तेवढ्यात शांत असलेलीची झोपेची वेळ टळून ती चिडते, आणि मग दोघीही रडणाऱ्या असतात.

रडणारीला तोवर वाऱ्यावर सोडायचे नाही. तिच्याशी बोलायचे, पण रोज एकच वाक्य, त्याच हळू आवाजात. माझे वाक्य "आधी तिच्याजवळ, मग तुझ्याजवळ" एवढेच आहे आणि ते पाळणे ही त्यातली अट आहे. एकदा जरी थोरली झोपल्यावर मी तिथूनच सटकलो असतो, तर त्या वाक्याला काही अर्थ उरला नसता. साधारण दहाव्या रात्री धाकटीने रडण्याच्या मध्येच स्वतःहून विचारले, "मग माज्याजवळ?" आणि उत्तर ऐकून ती खाली बसली.

हात पाठीवर ठेवावा, थोपटू नये. यावर माझे ठाम मत आहे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी त्यावरून माझे खटकेही उडाले आहेत. झोप रात्रभर सलग नसते. साधारण तासा-दीड तासाने ती उथळ होते आणि डोळा लागताना जे जवळ होते, ते मूल त्या वेळी पुन्हा शोधते. थोपटणे होते तर थोपटणे शोधते. एका मुलाच्या बाबतीत हे निभावते. दोघींच्या उथळ झोपेच्या वेळा वेगवेगळ्या असल्याने इथे तुमचा हात रात्रभर रिकामा होत नाही. दोन कॉटच्या मध्ये बसून दोन्ही हातांनी दोघींना एकाच वेळी थोपटण्याची कसरत तर मुळीच करू नये. ती मी केली आहे. त्यातून खांदा तेवढा धरतो.

शांत मुलगी झोपली हे ओळखण्याची घाई करू नये. डोळे मिटणे म्हणजे झोप नव्हे. श्वास लांब आणि एकसारखा होतो, बोटांची पकड सुटते, आणि त्यानंतरही शंभरपर्यंत आकडे मोजून मगच हात उचलावा. दुसरीकडे सरकताना उभे राहू नये, गुडघ्यांवर जावे. आणि दार पहिल्यापासून किलकिले ठेवूनच आत बसावे, म्हणजे बाहेर पडताना ते उघडण्याचा प्रश्नच येत नाही.

हा क्रम मोडण्याचे प्रसंगही आहेत. वेदनेचे रडणे, ताप, उलटी, कठड्यात अडकलेला पाय, यांपैकी काहीही असेल तर शांत मुलीचा विचार न करता तडक उठावे. हट्टाचे रडणे मध्येच थांबून तुमची चाहूल घेते. दुखण्याचे रडणे तसे थांबत नाही. शंका आली तर उठावे.

दोघा मोठ्या माणसांनी एकेक मुलगी वाटून घ्यावी का? सोपे वाटते, पण कायमची वाटणी केली की एक जण घरी नसलेल्या रात्री सगळा डोलारा कोसळतो. एका वेळी एकानेच आत जावे आणि मुलींना दोघांचीही सवय राहील इतक्या वेळा पाळी बदलावी.

रडण्यापेक्षा अवघड: खिदळणे

दोन वर्षे उलटली की रडणे कमी होते आणि त्याची जागा गप्पा घेतात. एक "भू" म्हणते, दुसरी हसते, मग ससा कठड्यावरून खाली पडतो आणि "पडला!" अशी घोषणा होते. ससा एकदा द्यावा. दुसऱ्यांदा दिला की तो खेळ होतो, आणि तो खेळ तुमच्यापेक्षा त्यांना चांगला येतो.

यावर मी त्यांना दोन आठवडे वेगळ्या खोल्यांत झोपवून पाहिले. दोघी भिंतीपलीकडून एकमेकींना हाका मारत राहिल्या, आणि पूर्वी जे कुजबुजत चालत होते ते ओरडून चालू लागले. उपयोग झाला तो वेळेत अंतर ठेवण्याचा. लवकर झोपणारीला आधी आत न्यावे आणि दुसरीला पंधरा-वीस मिनिटांनी आणावे; उशिरा येणारीला तेवढा वेळ आई किंवा बाप एकट्याचा मिळतो, जो जुळ्यांना दिवसभरात क्वचितच मिळतो, आणि तिचे निम्मे भांडण तिथेच मिटते. खोलीत असताना हसू नये. धाकटी अंधारात माझे नाव पूर्ण आडनावासह, तिच्या आजीच्या स्वरात उच्चारते. तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून बसतो.

मध्यरात्री

पहिल्या एक-दोन तासांत एखादी किंचाळून उठली, डोळे उघडे आहेत पण ओळख पटत नाही, अंगाला हात लावू देत नाही, अशी असेल तर तो बहुधा झोपेतला दचका असतो. तिला जागे करू नये. लागणार नाही एवढे पाहावे आणि जवळ बसून राहावे, काही मिनिटांत ती आपणहून निवते आणि सकाळी तिला काही आठवत नाही. वाईट स्वप्न बहुतेक पहाटेकडे पडते आणि त्यातून मूल खरोखर जागे होते, म्हणून तिथे जवळ घ्यावे, बोलावे. दोन्ही वेळी दुसरीला उचलून हलवण्याची गरज नसते.

कॉट सोडताना

उंची सुमारे ९० सेंटिमीटर झाली किंवा एकीचा पाय कठड्यावरून पलीकडे गेला की दोघींच्या गाद्या त्याच दिवशी खाली घ्याव्यात. जी चढत नाही तिला मागे ठेवण्यात अर्थ नाही, ती पाहतच असते. त्याआधी खोलीतले प्रत्येक कपाट आणि खणांचे टेबल भिंतीला पक्के आवळून घ्यावे. एकटे मूल खण उघडून त्यावर चढते. दोघी असल्या की एक खण ओढून धरते आणि दुसरी चढते, आणि ते टेबल दोघींवर येते.

गाद्या खाली आल्यावर पहिले काही दिवस वर लिहिलेले सारे पुन्हा पहिल्या रात्रीपासून करावे लागते. आजारपणानंतर आणि प्रवासानंतरही तसेच होते. आमच्याकडे त्याला सहा रात्री लागतात, आणि त्यातली तिसरी सर्वांत वाईट असते.