अनारशाची रेसिपी नेटवरून घेताना

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत पहिलाच अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. जाळी पडायची सोडून सगळा कढईभर पसरला. व्हिडिओ बघताना तर सगळं किती सोपं वाटलं होतं! सासूबाईंनी एकच विचारलं, "गूळ वजनावर घेतलास की वाटीनं?" वाटीनं घेतला होता. चाळलेलं पीठ हलकं, भुसभुशीत असतं. किसलेला गूळ वाटीत दाबून बसतो. वाटीला वाटी घेतलं की गूळ वजनाला जास्त भरतो, आणि गूळ जास्त झाला की अनारसा हसतोच.

तेव्हापासून मी आधी प्रमाण बघते. ग्रॅममध्ये दिलंय का? वाटी असेल तर ती केवढी, दाबून भरायची की सैल? मग वेळ. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलावं लागतं, गूळ घातलेले गोळे डब्यात चार-पाच दिवस मुरतात. 'झटपट अनारसे' दिसलं की मी तिथेच थांबते. जुनाच तांदूळ घ्या, सावलीत वाळवा, ओलसर असतानाच दळा, असं बारकाईनं सांगणारीनं स्वतः घाट घातलेला असतो.

व्हिडिओ असेल तर तळणाचा भाग नीट बघा. खसखशीची बाजू वर, अनारसा उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. गोळा थापला आणि पुढच्या क्षणी थेट ताटातले तयार अनारसे दाखवले, तर मला ती रेसिपी नको.

माझा खरा भरवसा मात्र बिघडलं तर काय करायचं हे सांगणाऱ्यांवर. गोळा सैल झाला तर तांदळाचं पीठ मिसळा, कोरडा पडला तर पिकल्या केळ्याचा तुकडा घालून मळा, हे ज्यांनी लिहिलंय त्यांचे अनारसे कधीतरी हसलेले असतात. खालच्या 'मस्त', 'छान'कडे लक्ष देऊ नका; करून बघून अडलेल्या बाईनं काय विचारलंय आणि तिला काय उत्तर मिळालंय, ते वाचा.

दोन-तीन रेसिपी शेजारी ठेवून गुळाचं प्रमाण ताडून बघा. फरक असला तर कमी गुळाची धरा. पहिल्यांदा अर्धा किलोच तांदूळ भिजवा, गूळ घालण्याआधी मूठभर पीठ बाजूला काढा, आणि सगळे थापत बसण्याआधी एकच अनारसा तळून बघा.