सॉलिड-स्टेट ॲम्पचा आवाज रुचत नसेल तर

शिकायला लागताना घेतलेला दहा-पंधरा वॉटचा सॉलिड-स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा, गिटार ॲम्प वर्षा-दोन वर्षांत नकोसा वाटू लागतो. तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात: स्वच्छ आवाज कोरडा वाटतो, डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारी सोय) लावले की डबीत अडकलेल्या माशीसारखी भुणभुण येते आणि ड्रम सुरू होताच गिटार ऐकूच येत नाही. 'व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) घ्या' हा सल्लाही लगेच मिळतो. परंतु दोष ट्रान्झिस्टरच्या माथी मारण्यापूर्वी लक्षात घ्यावे, की १९७५ साली आलेला रोलंडचा जेसी-१२० संपूर्ण सॉलिड-स्टेट असूनही त्याचा स्वच्छ आवाज आजही नमुन्यादाखल सांगितला जातो, आणि बी. बी. किंग यांच्यासारखा वादक लॅब सिरीजचा एल-५ हा सॉलिड-स्टेट ॲम्प वापरत असे. स्वस्त ॲम्प उणा पडतो तो मुख्यतः लहान स्पीकर, पातळ पेटी आणि चुकीच्या जागी फिरवलेली बटणे यांमुळे. म्हणून सुरुवात फुकटच्या उपायांपासून करावी.

ॲम्प जमिनीवर ठेवून उभ्याने वाजवल्यास स्पीकरमधून सरळ रेषेत निघणारा ट्रेबल पायांवर आदळतो, कानापर्यंत पोहोचत नाही. मग वाजवणारा ट्रेबल वाढवतो आणि समोर बसलेल्याचे कान किटतात. ॲम्प स्टुलावर ठेवावा किंवा मागे कलता करावा, भिंतीपासून हातभर पुढे घ्यावा आणि कोपरा टाळावा, कारण कोपऱ्यात बेस फुगतो. नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक पथ्य पाळावे लागते: ॲम्प कूलरच्या झोतात ठेवू नये. ती ओलसर हवा आणि तिच्याबरोबर येणारी धूळ जॅकच्या आणि बटणांच्या आतील संपर्कांवर बसते, आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सरेपर्यंत बटणे खरखरू लागतात.

आता बटणे. सॉलिड-स्टेट परिपथात गेन (गिटारचा संकेत सुरुवातीला किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) मर्यादेबाहेर गेला की ध्वनिलहरीचे माथे सपाट कापले जातात आणि त्यातून वरच्या पट्टीतील कर्कश स्वरांश तयार होतात. ती भुणभुण तीच. गेन निम्म्यावर आणावा, मिडल वाढवावा. घरात हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो, म्हणून आपण बेस चढवतो आणि मिडल उतरवतो. तीच मांडणी सरावाच्या खोलीत नेली की बेस गिटार आणि ड्रम तिला गिळून टाकतात. ज्या आवाजात वाजवायचे आहे, त्याच आवाजात बटणे लावावीत. गिटारच्या तारा गंजल्या असतील तर त्या आधी बदलाव्यात. मेलेल्या तारांवर कोणताही ॲम्प उपाय करू शकत नाही.

सततची घरघर येत असेल तर प्रथम पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करून पाहावा. सिंगल-कॉइल पिकअपची (तारांचे कंपन टिपणाऱ्या एकाच वेटोळ्याची) गिटार हातात घेऊन जागच्या जागी फिरल्यावर घरघर कमी-जास्त झाली, तर ती पिकअप हवेतून ओढून घेत आहे. फरक पडला नाही, तर प्लगचे अर्थिंग तपासावे. आवाज मधूनच बसत असेल आणि ॲम्पला इफेक्ट्स लूप (बाहेरची इफेक्ट पेडले मध्ये जोडण्यासाठीचे सेंड आणि रिटर्न हे दोन जॅक) असेल, तर ते दोन्ही एका छोट्या केबलने जोडून पाहावे. आवाज परत आला तर दोष रिटर्न जॅकच्या काळवंडलेल्या संपर्कात आहे आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने काम भागते. हेडफोनच्या जॅकमुळेही स्पीकर असाच गप्प होतो.

खरा फरक पडतो तो स्पीकर बदलल्याने, आणि पैसे खर्चायचेच असतील तर ते येथे खर्चावेत. प्रत्येक स्पीकरच्या माहितीपत्रकात एक वॉटला एक मीटरवर तो किती डेसिबल देतो ते लिहिलेले असते. ॲम्पची शक्ती दुप्पट केल्याने फक्त तीन डेसिबल वाढतात. परंतु ९० डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९८ डेसिबलचा लावला, तर तोच दहा वॉटचा ॲम्प साठ वॉटांइतका ऐकू येतो. आठ इंची स्पीकर असलेल्या पेटीत बारा इंची मावणार नाही. त्यासाठी सुताराकडून जाड प्लायवूडची, मागून अर्धी उघडी अशी वेगळी पेटी करून घ्यावी. स्पीकर मात्र गिटारसाठीच बनवलेला घ्यावा. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात किंवा मांडवाला साउंड पुरवणाऱ्यांकडे बारा इंची स्पीकर सहज मिळेल, पण तो पीएचा (सभा-समारंभाच्या ध्वनिक्षेपणाचा) असेल. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने गाळतो आणि भुणभुण त्या गाळण्यातच अडकते. पीएचा स्पीकर, विशेषतः ट्वीटरसह असेल तर, ती जशीच्या तशी बाहेर सोडतो.

ओहमचा, म्हणजे स्पीकरच्या विद्युत अवरोधाचा, हिशेब चुकवू नये. ॲम्पवर किमान आठ ओहम लिहिले असताना चार ओहमचा स्पीकर जोडल्यास आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळू शकतात. उलट चारच्या जागी आठचा जोडला तर शक्ती निम्म्याजवळ येते, इजा होत नाही. ॲम्पला बाहेरच्या स्पीकरचा जॅक नसल्यास तो जाणकार कारागिराकडून बसवून घ्यावा. आत २३० व्होल्टचा पुरवठा असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो.

ॲम्पमधील डिस्टॉर्शन आवडतच नसेल तर ते सोडून द्यावे आणि स्वच्छ चॅनेलपुढे एखादे ओव्हरड्राइव्ह (आवाज सौम्यपणे फाटका करणारे) पेडल लावावे. प्रीॲम्प (आवाजाला आकार देणारा ॲम्पचा पहिला विभाग) पेडलरूपात असल्यास ते थेट रिटर्नमध्ये जोडावे, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा प्रीॲम्प वगळला जातो आणि केवळ पॉवर विभाग कामाला येतो.

एवढे करूनही समाधान झाले नाही तर ॲम्प खुशाल विकावा, पण पेटी आणि स्पीकर ठेवून घ्यावेत, कारण ते पुढच्या ॲम्पलाही चालतात. पुढचा ॲम्प व्हॉल्व्हचा असेल तर मात्र त्याच्या मागे लिहिलेले ओहम आणि पेटीचे ओहम जुळवूनच जोडणी करावी आणि स्पीकर न जोडता तो कधीही वाजवू नये.